दोन दिवसांचं लॉगिन

मागच्या भागाचं शब्दांकन एवढं उशिरा का आलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण सांगतो. त्या कारणाचा माग काढत गेलो तर थेट १९९४ सालात पोचलो, तेही सांगतो.

आमचे तीन पॉडकास्ट एकाच वर्डप्रेसवर चालतात, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. देखभाल आमचीच. याला मल्टिसाइट म्हणतात. जुन्या वाड्यासारखं: दिंडी एक, बिऱ्हाडं अनेक. परवा तिसऱ्या पॉडकास्टला स्वतंत्र डोमेन दिलं. नेमकी त्याच वेळी आमची सहकारी शब्दांकन टाइप करत होती. तिने 'प्रकाशित करा' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान! दीड तासाचं काम गेलं. परत आत जायचं तर पासवर्ड बरोबर असूनही तेच पान, वर संदेश काय, तर तुमचा ब्राउझर कुकी घेत नाही. बाकी दोन साइट्स मात्र मजेत चालू. आम्हाला वाटलं, लॉगिनची मुदत संपतेय. मुदत वाढवून बघितली. शून्य फरक.

आता १९९४. वेबचा मूळ नियम असा की सर्व्हरला काहीच आठवत नाही. तुम्ही पान मागता, तो देतो, आणि विसरतो. पुढचं पान मागितलंत की तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. वाचण्यापुरतं हे ठीक होतं, पण दुकान कसं चालवणार? नेटस्केप कंपनीकडे एमसीआय ही टेलिफोन कंपनी नेमकी हीच अडचण घेऊन आली होती: गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी आमच्या सर्व्हरवर साठवायला नको. लू मॉन्टुली हा तिथला तरुण इंजिनिअर. त्याने सुचवलं की आठवण ब्राउझरकडेच ठेवायला द्या. म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं. बिल्ला तुमच्या खिशात, परत आलात की दाखवा. हीच कुकी.

सोपा उपाय दुसरा होता: प्रत्येक ब्राउझरला कायमचा एक नंबर द्यायचा. मॉन्टुलीने तो नाकारला, कारण मग सगळ्या साइट्सनी मिळून तुमच्यावर पाळत ठेवली असती. म्हणून नियम असा ठरला की ज्या डोमेनने कुकी दिली, त्यालाच ती परत दाखवायची. या स्टँडचा बिल्ला त्या स्टँडवर चालणार नाही. (जाहिरातवाल्यांनी यातूनही वाट काढलीच, पण तो वेगळा एपिसोड होईल.)

वर्डप्रेस आलं २००३ मध्ये. सुरुवातीला त्याची कुकी भलतीच भोळी होती. पासवर्डवरून काढलेला हॅशच तिच्यात असायचा, आणि पासवर्ड बदलेपर्यंत ती चालायची. २००७ मध्ये केंब्रिजच्या स्टीव्हन मर्डोक यांनी दाखवून दिलं की डेटाबेस नुसता वाचता आला तरी अशी कुकी घरी बनवता येते, पासवर्ड फोडायचीही गरज नाही. मग मार्च २००८ च्या २.५ आवृत्तीत कुकीवर सर्व्हरची गुप्त सही आली, आणि त्या सहीखाली मुदतीची तारीख. नेहमीचं लॉगिन दोन दिवस, 'मला लक्षात ठेवा'वर टिक केली तर चौदा. आपण ज्याला वैतागतो तो टाइमआउट असा आला. लिहिता लिहिता मुदत संपली तर पान न सोडता त्याच खिडकीत लॉगिन करायची सोय यायला मात्र ऑगस्ट २०१३ उजाडलं. पाच वर्षांत किती लोकांचं लिखाण गेलं असेल, कोण जाणे!

मल्टिसाइट आधी वेगळं सॉफ्टवेअर होतं. जून २०१० मध्ये ३.० आवृत्तीत ते मूळ वर्डप्रेसमध्ये आलं. इथे सदस्यांची यादी एकच असते, म्हणून आपल्याला वाटतं की लॉगिनही एकच. पण ब्राउझरला आपली यादी दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पत्ता.

आमचा घोळ तिथेच होता. सेटिंगच्या फाइलीत कुणीतरी, बहुधा मीच, कधीकाळी एक ओळ लिहून ठेवली होती: कुकी कायम मुख्य डोमेनच्या नावाने द्यायची. नवं डोमेन आलं आणि ते दुसऱ्याच्या नावाचे बिल्ले वाटू लागलं. ब्राउझरने ते फेकून दिले, १९९४ च्या नियमाप्रमाणेच. म्हणजे मुदतीचा काही संबंधच नव्हता. जी कुकी ठेवलीच गेली नाही, तिची मुदत वाढवून काय होणार?

ओळ बदलली. ज्या पत्त्यावर विनंती आली, त्याच पत्त्याच्या नावाने कुकी दे, एवढंच. जुन्या कुकीज पुसल्या, पुन्हा लॉगिन केलं, झालं. नव्या डोमेनवर लॉगिन वेगळं करावं लागतं, ते लागणारच. वाढवलेली मुदत परत दोन दिवसांवर आणली.

सहकारीने शब्दांकन पुन्हा टाइप केलं. या वेळी आधी फोनच्या नोट्समध्ये.