रस्ट आणि सी यांमधील प्रकारव्याख्यांची सुसंगती

रस्ट आणि सी यांमधील प्रकारव्याख्यांची सुसंगती म्हणजे या दोन प्रोग्रामिंग भाषांतील कोडला मेमरीतील एकच माहिती सारख्याच अर्थाने वाचता यावी, यासाठी रस्टमधील प्रकारव्याख्यांची केलेली फेररचना होय. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्यतः सीमध्ये लिहिलेल्या लिनक्स कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला आधार मिळाला. सीमधील फंक्शनच्या नावाची सांगड लिंकर घालतो. मात्र दोन्हीकडील प्रकारव्याख्या जुळतात की नाही, हे तो तपासत नाही. त्यामुळे चुकीच्या व्याख्येचा प्रोग्रामही विनातक्रार तयार होऊ शकतो.

मेमरीतील मांडणी

सीमध्ये स्ट्रक्टमधील घटक घोषित क्रमानेच साठवले जातात. रस्टचा कंपायलर मात्र जागा वाचवण्यासाठी हा क्रम बदलू शकतो. अनुक्रमे १, ४ आणि १ बाइटचे घटक असलेला स्ट्रक्ट प्रचलित संगणकांवर सीमध्ये १२ बाइट व्यापतो. क्रम बदलल्यास तो ८ बाइटांत मावतो. व्याख्येवर ‘रिप्र(सी)’ ही खूण केल्यास रस्ट सीचीच मांडणी पाळते.

मूल्यांची वैधता

मांडणी जुळल्याने मूल्ये वैध ठरत नाहीत. सीमधील एनममध्ये यादीबाहेरचा पूर्णांकही असू शकतो. रस्टच्या एनममध्ये असे मूल्य आल्यास प्रोग्रामचे वर्तन अपरिभाषित ठरते आणि वरील खुणेनेही हा धोका टळत नाही. म्हणून असे मूल्य आधी साधा पूर्णांक म्हणून स्वीकारून, तपासून मगच एनममध्ये रूपांतरित करतात.

पूर्णांक, पॉइंटर आणि स्ट्रिंग

सीमधील ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा असतो. त्यामुळे रस्टमध्ये त्याच्यासाठी ठरावीक आकाराचा पूर्णांक न वापरता ‘सी_लाँग’ हे नाव वापरतात. सीचा पॉइंटर शून्य असू शकतो, रस्टचा रेफरन्स कधीच नाही. म्हणून तेथे ‘ऑप्शन’मध्ये गुंडाळलेला रेफरन्स योजतात. त्याचा आकार पॉइंटरइतकाच राहतो. सीमधील स्ट्रिंगचा शेवट शून्य बाइटने होतो, तर रस्टमध्ये लांबी स्वतंत्रपणे नोंदलेली असते. हे अंतर ‘सीस्ट्रिंग’ आणि ‘सीस्ट्र’ हे प्रकार भरून काढतात.

साधने आणि मर्यादा

‘बाइंडजेन’ हे साधन सीच्या हेडर फाइलींवरून रस्टच्या व्याख्या तयार करते. ‘सीबाइंडजेन’ याच्या उलट काम करते. तथापि मेमरी कोणी मोकळी करावी, हे सीच्या पॉइंटरच्या प्रकारावरून कळत नाही. ती जबाबदारी प्रोग्रामरलाच दस्तऐवजांत स्पष्ट करावी लागते.