कन्हेरसर ते चाकण: सुरक्षा-समितीची पूर्वपीठिका

पवना व मुळा यांच्या संगमाजवळ वसलेलें सांगवी हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ आलें, आणि पुढें थेट चाकणपर्यंत यंत्रांची रांग उभी राहिली. परंतु डबा घेऊन पहाटे निघालेला कामगार सायंकाळीं धडधाकट परत येईल, याची हमी कोणीं द्यावी, हा प्रश्न या यंत्रांहून जुना आहे.

तो जाहीरपणें विचारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचें मूळ गांव कन्हेरसर, म्हणजे चाकणच्याच खेड तालुक्यांतलें. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं मुंबईंत गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची विश्रांती होती. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. सुट्टी १८९० सालीं मिळाली. यंत्राच्या धोक्याविषयीं कामगाराचा शब्द मात्र दीर्घकाळ कायद्याबाहेरच राहिला.

१९४८ च्या कारखाना कायद्याचा भर मालकाच्या कर्तव्यावर व निरीक्षकाच्या तपासणीवर होता. डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं, तेव्हां कोठें १९८७ च्या दुरुस्तीनें धोकादायक कारखान्यांत मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा-समिती आवश्यक ठरली. २०२० च्या संहितेंतही समितीची तरतूद कायम राहिली.

तथापि समिती नेमणें निराळें आणि चालविणें निराळें. सभासद मालकानें निवडलेला असेल, तर तो धोका पाहूनही गप्प बसतो. कंत्राटी कामगारास स्थान नसेल, तर सर्वांत जोखमीचें काम करणाराच मुका राहतो. बैठकीच्या टिपणांत दुरुस्ती कोणीं व कोणत्या तारखेपर्यंत करावयाची हें नसेल, तर तें टिपण म्हणजे रद्दी होय. बोट थोडक्यांत वांचलें, त्याच दिवशीं नोंद झाली, तर पुढचा हात वांचतो.

८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवडे येथें केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या विनापरवाना कारखान्यांत आग लागली व तेथें राबणाऱ्या अनेक स्त्रिया दगावल्या. जेथें कारखान्यासच परवाना नाहीं, तेथें समिती कोठून असणार?

लोखंडे यांच्या अर्जाचें बळ कलमांत नव्हतें. तें यंत्रापुढें उभे राहणाऱ्यांच्या साडेपांच हजार सह्यांत होतें. समितीचेंही बळ तेंच आहे.