डोंबिवलीच्या नावाची संख्या

२५५३ या संख्येचे मधले दोन्ही अंक ५ आहेत आणि टोकाच्या २ आणि ३ यांची बेरीजही ५ येते. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून मधले ६ होतात, ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. अशा संख्यांना गणितात डेमलो संख्या म्हणतात, आणि हे डेमलो म्हणजे आपलं डोंबिवली.

नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १७ जानेवारी १९०५ ला ते डहाणूत जन्मले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा व्हायला २०१४ उजाडलं. वडील कारकून, पण फलज्योतिषाचा नाद असलेले, त्यामुळे आकडेमोड घरातच. माध्यमिक शाळा ठाण्याला झाली आणि १९२३ मध्ये मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. पुढे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. लोकांना ते ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे माहीत असतात. डेमलो संख्या त्याच्या कितीतरी आधीची. कल्पना १९२३ सालची, म्हणजे ठाण्याची शाळा सोडून पुण्याच्या कॉलेजात पाऊल टाकण्याच्या सुमाराची, असं सांगतात.

नावाच्या दोन हकिकती आहेत. एकीत डेमलो हे जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, ज्याला आता डोंबिवली म्हणतात आणि जिथे कापरेकरांना या संख्या सुचल्या. दुसरीत मुंबई-ठाणे मार्गावर गाडी बदलत असताना त्यांना त्या सुचल्या. ही दुसरी हकिकत लिहिणारा आपल्याकडच्या लोकलमध्ये कधी चढला नसावा. डोंबिवली ठाण्याच्या पुढे आहे, आणि गाडी बदलायची तर माणूस कल्याणला उतरतो. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर, डोंबिवलीचं अंतर नेमकं तेवढं आहे. ठाणं एकवीस मैलांतच येतं. तेव्हा पहिली हकिकत धरावी.

१९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात कापरेकरांचा या संख्यांवरचा टिपणवजा लेख आला. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकरांबरोबर लिहिलेला निबंध मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापला गेला. त्यातली व्याख्या वर सांगितलेल्यापेक्षा जरा मोकळी आहे. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच अंक हवा, एकदा किंवा अनेकदा आलेला, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीजही त्याच अंकाची हवी. १२३४३२१ घ्या. डावीकडे १२३, उजवीकडे ३२१, बेरीज ४४४ आणि मधे ४.

हा निव्वळ अंकांचा खेळ वाटतो, पण याच्या पोटात आठवी-नववीचं बीजगणित आहे. २५५३ मधल्या दहाच्या जागी क्ष ठेवला की २क्ष³ + ५क्ष² + ५क्ष + ३ ही बहुपदी मिळते. हिचे अवयव पाडायला शाळेत काय करतात? मधल्या पदांची फोड. ५क्ष² चे २क्ष² + ३क्ष², ५क्ष चे २क्ष + ३क्ष, मग दोनवाले एका गटात आणि तीनवाले दुसऱ्या गटात:

२क्ष(क्ष² + क्ष + १) + ३(क्ष² + क्ष + १)

सामाईक कंस बाहेर काढला की (२क्ष + ३)(क्ष² + क्ष + १). ही फोड जमली कारण मधला ५ हा टोकाच्या २ आणि ३ यांची बेरीज होता. कापरेकरांची अट आणि मास्तरांची युक्ती एकच. आता क्षच्या जागी पुन्हा १० घाला: २३ × १११ = २५५३. तसंच १६५ म्हणजे १५ × ११ आणि ४७७७३ म्हणजे ४३ × ११११. कुठलीही दोन अंकी संख्या नुसत्या एकांच्या ओळीने गुणली आणि हातचा आला नाही, की डेमलो संख्या तयार. ६८ × १११ केलं तर ७५४८ येतात, कारण ६ आणि ८ यांची बेरीज एका घरात मावत नाही. बहुपदीला ही अडचण नाही, तिथे १४क्ष² खुशाल बसतो.

उलट, अंकांत जे दिसतं ते बहुपदीत दिसत नाही असंही होतं. क्ष² + क्ष + १ चे आणखी अवयव शाळेच्या गणितात पडत नाहीत; १११ मात्र ३ × ३७ आहे. याउलट क्ष³ + क्ष² + क्ष + १ चे (क्ष + १)(क्ष² + १) असे अवयव पडतात, म्हणून ११११ = ११ × १०१, आणि ४७७७३ म्हणजे ४३ × ११ × १०१. पाच अंकी संख्येचे मूळ अवयव कागद न घेता निघाले.

कापरेकरांनी ‘वंडरफुल डेमलो’ असं भरजरी नाव दिलं ते १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेला. हे सगळे एकांच्या ओळींचे वर्ग. (क्ष² + क्ष + १)² चा विस्तार क्ष⁴ + २क्ष³ + ३क्ष² + २क्ष + १ होतो, त्यातच १२३२१ दिसतो. नऊ एकांपर्यंत हा जिना नीट चढतो आणि उतरतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा निघतो. चढणीवरचा ८ गायब, मधे दोन शून्यं.

त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं. सिद्धांत म्हणून पाहिलं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: डेमलो संख्यांचा पुरावा वर चार ओळींत संपला. पण पुरावा सोपा आहे हे कळायला आधी कुणाला तरी ती संख्या दिसावी लागते. एकांच्या ओळीला इंग्रजीत सुटसुटीत नाव मिळालं ते साठच्या दशकात, आल्बर्ट बायलर या लेखकाकडून. कापरेकर त्याआधी काही दशकं तिच्याशी खेळत होते. १९४८ मध्ये त्यांनी देवळालीतून ‘डेमलो नंबर्स’ हे पुस्तकही काढलं. मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांची ओळख जगाला करून दिली ती मार्च १९७५ मध्ये, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘मधल्या पदाची फोड’ हा प्रकार फळ्यावर आणण्याआधी नुसतं ३७७७४ लिहा, तिचे अवयव मुलांनाच शोधू द्या, आणि ते सापडल्यावर ही संख्या कुठल्या स्टेशनच्या नावाची आहे तेही सांगा.