फुफ्फुसावरचा डाग आणि घाटकोपरची धूळ

छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'पॅच' किंवा 'शॅडो' असा शब्द दिसला की घरात पहिली भीती वाटते ती टीबीची. मुंबईत टीबीचे रुग्ण बरेच असल्याने ही शंका गैर नाही. पण एक्स-रेवर रोगाचे नाव लिहिलेले नसते, दिसते ती फक्त सावली. हवेने भरलेले फुफ्फुस काळे दिसते. तिथे पू, पाणी, गाठ किंवा घट्ट झालेला भाग असला की ती जागा पांढरी दिसते. न्यूमोनिया, टीबी, कॅन्सर, हृदय कमजोर झाल्यामुळे साचलेले पाणी, यांपैकी काहीही असू शकते. आणखी एक कारण आपल्या उपनगरांच्या इतिहासात आहे. ते म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ.

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते उष्णतेला दाद देत नाही, म्हणून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगपासून छपराच्या पत्र्यांपर्यंत सगळीकडे वापरले गेले. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यांच्याभोवती फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावची नेली केरशॉ ही कामगार स्त्री वयाच्या ३३व्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसे तपासली, तेव्हा जुन्या टीबीच्या खुणांबरोबर अ‍ॅस्बेस्टॉसचे कणही सापडले. १९२७ मध्ये कुक यांनीच या आजाराला 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हे नाव दिले.

आता घाटकोपरकडे येऊ. इथल्या हिंदुस्थान कॉम्पोझिट्स कारखान्यातल्या कायम कामगारांची पाहणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. संपूर्ण तपासणी झालेल्या १८१ कामगारांपैकी २२ टक्के लोकांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेले बदल आढळले. काहींच्या फुफ्फुसात, काहींच्या फुफ्फुसावरच्या आवरणात, तर काहींच्या दोन्हीकडे. याच अभ्यासात एक बोचरे निरीक्षणही आहे. अशा आजाराला टीबी किंवा जुनाट ब्रॉन्कायटिस म्हटले जाते आणि कामगाराची नुकसानभरपाई हुकते. सावलीला चुकीचे नाव मिळाले की औषध चुकते आणि हक्कही बुडतो.

मग फरक कसा करायचा? टीबीचे डाग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात, तर अ‍ॅस्बेस्टॉसिसच्या बारीक रेषा बहुधा खालच्या भागात दिसतात. पण याला अपवाद असतात, म्हणून थुंकीची तपासणी टाळू नका. सीटी स्कॅन आणि श्वासाची क्षमता मोजणारी चाचणीही लागू शकते. सगळ्यांत स्वस्त तपासणी मात्र एका प्रश्नाची आहे: "तुम्ही आधी कुठे काम करत होतात?"

हा प्रश्न निवृत्तांनाही लागू आहे, कारण हा आजार बहुधा धूळ अंगावर घेतल्यानंतर दहा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवायला सांगितले.

घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या अनेक कारखान्यांच्या जागी आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. गेट गेले, भोंगा गेला, पण तिथे श्वासाबरोबर आत गेलेले तंतू फुफ्फुसातच आहेत. घरात कोणी अशा कारखान्यात काम केले असेल, किंवा त्यांचे धुळीने माखलेले कपडे वर्षानुवर्षे धुतले असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा. जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका. कामाचे ओळखपत्र किंवा पगाराची पावती असेल तर तीही फाइलमध्ये ठेवा. आणि धूम्रपान करत असाल तर आजच सोडा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि विडी-सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका फारच वाढतो.