विश्लेषण : ड्राफ्टमध्ये पॉइंट गार्ड कसा पारखतात? २००९ मध्ये मिनेसोटाचं काय चुकलं?

२५ जून २००९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट सुरू होता. मिनेसोटा टिंबरवूल्व्हज या संघाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते आणि त्यांना पॉइंट गार्ड हवा होता. त्यांनी दोन्ही क्रमांकांवर पॉइंट गार्डच घेतले. पाचव्यावर स्पेनचा रिकी रुबियो, सहाव्यावर सिरॅक्यूज विद्यापीठाचा जॉनी फ्लिन. त्यानंतर सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने डेव्हिडसन कॉलेजच्या स्टीफन करीचं नाव घेतलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. करीने वॉरियर्सला चार विजेतेपदं मिळवून दिली, २०१५ आणि २०१६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्लिन तीन हंगामांत एनबीएतून बाहेर पडला. ड्राफ्टचा हंगाम जवळ आला की ही गोष्ट हमखास निघते आणि मिनेसोटाची थट्टा होते. पण त्या रात्री समोर असलेल्या माहितीवरून काय कळू शकत होतं, हा प्रश्न थट्टेपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. पॉइंट गार्डची पारख अवघड का असते, हे त्यातून समजतं.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आपल्याकडे आयपीएलचा लिलाव असतो. ज्याच्या पिशवीत पैसे जास्त, तो बोली जिंकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांमध्ये सोडत निघते, पहिल्या पाळ्या त्यांना मिळतात, मग बाकीच्यांना. दोन फेऱ्या होतात आणि साधारण साठ खेळाडू निवडले जातात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेला असतो. म्हणजे निवड बरोबर आली, तर संघाला एक उत्तम खेळाडू चार वर्षं स्वस्तात मिळतो. चुकली, तर ती पाळी गेली ती गेलीच. शिवाय मागच्या क्रमांकावरचा संघ तोच खेळाडू घेऊन तुमच्याविरुद्ध खेळवतो.

पॉइंट गार्डच का अवघड?

पॉइंट गार्ड हा संघाचा सूत्रधार. चेंडू पुढे आणणं, कोणाला कुठे आणि केव्हा द्यायचा हे ठरवणं, सामन्याची गती सांभाळणं ही त्याची कामं. उंच सेंटर रिबाउंड घेतो की नाही, हे कोणालाही दिसतं. पॉइंट गार्डचं बरंचसं काम मात्र निर्णयाचं असतं, आणि निर्णयाची किंमत त्याच्या नावापुढच्या आकड्यांत पूर्ण उतरत नाही. त्याने योग्य वेळी दिलेला चेंडू सहकाऱ्याने रिंगला आपटला, तर असिस्ट नोंदला जात नाही. सहकारी निष्णात नेमबाज असेल, तर साध्या पासचाही असिस्ट होतो.

दुसरी अडचण भूमिकेची. २००९ च्याच ड्राफ्टमधला ज्रू हॉलिडे पाहा. यूसीएलए विद्यापीठात त्याची सरासरी ८.५ गुण आणि ३.७ असिस्ट एवढीच होती. कारण तिथे चेंडू डॅरेन कॉलिसन या अनुभवी पॉइंट गार्डच्या हातात असायचा आणि हॉलिडेला बाजूला खेळावं लागायचं. आकडे पाहणाऱ्यांना तो सामान्य वाटला आणि सतराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढे त्याने २०२१ मध्ये मिलवॉकीकडून आणि २०२४ मध्ये बोस्टनकडून विजेतेपद मिळवलं. त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम बचावपटू गार्डांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. त्यामुळे आकडा किती, हे विचारण्याआधी तो कोणत्या कामातून आला, हे विचारावं लागतं.

मग स्काउट नेमकं काय बघतात?

वय सर्वात आधी. एकोणीस वर्षांच्या आणि बावीस वर्षांच्या खेळाडूचे आकडे सारखेच असतील, तर पहिल्याची किंमत जास्त, कारण त्याची वाढ अजून बाकी आहे.

नंतर नेमबाजी. गंमत म्हणजे, थ्री-पॉइंटर पुढे जमेल का हे जोखताना फ्री थ्रोची टक्केवारी फार विचारात घेतली जाते. कॉलेजच्या हंगामात सामने मोजके, लांबून मारलेले फटके त्याहून मोजके. त्यात दोन-चार चांगल्या रात्रींनी टक्केवारी फुगते. फ्री थ्रोला समोर कोणी नसतं, अंतर तेच, त्यामुळे हाताची खरी सवय दिसते. करीची ही टक्केवारी शेवटच्या हंगामात ८८ च्या आसपास होती. पण ही कसोटीही डोळे मिटून वापरता येत नाही. रुबियो फ्री थ्रो उत्तम मारायचा, एनबीएतही, तरी खेळ चालू असताना लांबून त्याचा नेम कधीच भरवशाचा झाला नाही.

टर्नओव्हर, म्हणजे हातून गमावलेले चेंडू, कमी असणं चांगलं, असं कोणालाही वाटेल. मात्र अवघड पास द्यायची हिंमत असलेला तरुण खेळाडू चेंडू गमावणारच. अजिबात न गमावणारा कदाचित फक्त शेजारच्याला चेंडू देत असतो. म्हणून स्काउट व्हिडिओ लावून प्रत्येक टर्नओव्हर बघतात. कल्पना बरोबर होती आणि हात चुकला, की मुळात समोरचा बचावपटू दिसलाच नाही? पहिली चूक सुधारते, दुसरी सहसा नाही.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. हा खेळाडू मैदानात असताना समोरच्या संघाला काय करावं लागतं? एनबीएत बहुतेक आक्रमण पिक-अँड-रोलने सुरू होतं. एक उंच सहकारी येऊन पॉइंट गार्डच्या बचावपटूची वाट अडवतो. गार्डचा नेम चांगला असेल, तर बचावपटूला त्या अडथळ्याला वळसा घालून वरून त्याच्यामागे धावावं लागतं आणि मागे जागा मोकळी होते. नेम नसेल, तर बचावपटू आरामात अडथळ्याच्या खालून जातो आणि वाट बंद करतो. एनबीएमध्ये रुबियोच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याची नजर आणि पास अप्रतिम होते, पण पहिल्या हंगामात त्याचे ३६ टक्क्यांहून कमी फटके आत गेले. त्याला नेमबाजीची मोकळीक देणं प्रतिस्पर्ध्यांना परवडत होतं.

करीबद्दलच्या शंका खोट्या होत्या का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. ड्राफ्टपूर्वीच्या मोजणीत बुटांशिवाय त्याची उंची ६ फूट २ इंच भरली. दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं जे अंतर असतं, ज्याला विंगस्पॅन म्हणतात, ते उंचीपेक्षा फक्त थोडंसं जास्त होतं. एनबीएत बहुतेकांचं ते बरंच जास्त असतं, आणि हात लांब असतील तर कमी उंची थोडीफार झाकली जाते. त्यात बांधा किरकोळ. डेव्हिडसन छोटं कॉलेज, त्याच्या गटातले प्रतिस्पर्धीही छोटे. आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो मुख्यतः नेमबाज गार्ड म्हणून खेळला होता. सूत्रधाराचं काम त्याच्याकडे शेवटच्याच हंगामात आलं. हा पॉइंट गार्डच्या शरीरातला नेमबाज आहे, खरा पॉइंट गार्ड नाही, अशी शंका घेणारे मूर्ख नव्हते.

त्या शेवटच्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.६ गुण मिळवून देशात पहिला क्रमांक घेतला आणि ५.६ असिस्टही दिले. प्रतिस्पर्धी कमजोर होते म्हणावं, तर २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने गोंझागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३० आणि विस्कॉन्सिनविरुद्ध ३३ गुण केले होते. डेव्हिडसन शेवटी कॅन्ससकडून दोन गुणांनी हरलं, आणि कॅन्ससच त्या वर्षीचा विजेता होता.

मात्र सगळ्यात बोलका सामना त्याने शून्य गुण केले तो आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मेरीलँडच्या लॉयोला संघाने करीवर दोन खेळाडू कायमचे लावले, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो. करीने काय केलं? तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ते दोघेही त्याच्यासोबत तिथेच उभे राहिले आणि उरलेल्या मैदानात डेव्हिडसनचे चार विरुद्ध लॉयोलाचे तीन असा खेळ झाला. डेव्हिडसन ७८-४८ असं जिंकलं. गुणपत्रक वाचणाऱ्याला त्या दिवशी करी अपयशी दिसला. सामना पाहणाऱ्याला दिसलं की हा मुलगा चेंडूला हात न लावताही समोरचा बचाव मोडतो आणि स्वतःचा आकडा वाढवण्याचा हट्ट धरत नाही. पुढे वॉरियर्सचं सगळं आक्रमण याच गुणावर उभं राहिलं.

मिनेसोटाची चूक नेमकी कोणती?

रुबियोची निवड मला तरी चूक वाटत नाही. चौदाव्या वर्षी स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरलेला, सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध खेळलेला मुलगा कोणीही घेतला असता. फक्त स्पेनमधल्या करारामुळे तो लगेच येण्याची खात्री नव्हती, आणि तो आला २०११ मध्ये.

प्रश्न सहाव्या क्रमांकाचा आहे. फ्लिन काही ऐरागैरा नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये कनेक्टिकटविरुद्ध सहा जादा डाव चाललेल्या सामन्यात तो ६७ मिनिटं खेळला होता. चपळ, धाडसी, कष्टाळू. रुबियो आणि फ्लिन एकत्र खेळू शकतील, असं संघाचे प्रमुख डेव्हिड कान यांचं म्हणणं होतं. पण दोघांनाही चेंडू हातात हवा असायचा आणि दोघांपैकी कोणीच चेंडूशिवाय बचावाला धाक घालणारा नेमबाज नव्हता. रुबियोशेजारी शोभेल असा गार्ड हवा होता, तर तो करी होता. (त्याच रात्री अठराव्या क्रमांकावर त्यांनी टाय लॉसन हा तिसरा पॉइंट गार्ड निवडला आणि लगेच डेन्व्हरला देऊन टाकला. हे मी अजूनही दोनदा वाचतो.)

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ड्राफ्टच्या रात्री मिनेसोटाला मुख्य प्रशिक्षकच नव्हता. ऑगस्टमध्ये कर्ट रॅम्बिस आले आणि त्यांनी ट्रँगल पद्धत आणली. या पद्धतीत चेंडू एकाच्या हातात राहत नाही, पिक-अँड-रोलही कमी. म्हणजे फ्लिनची जी ताकद, तीच वापरली गेली नाही. तरी पहिल्या वर्षी त्याने १३.५ गुणांची सरासरी काढली. २०१० मध्ये त्याच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि चपळाई परत आली नाही. हा भाग कोणाच्याच हिशेबात नव्हता. फ्लिनला घेणं चूक होतं म्हणताना तेवढं वगळणं अन्याय होईल.

वॉरियर्सना सगळं कळलं होतं का?

तसंही नाही. एजंट आणि खेळाडूची इच्छा हाही या खेळाचा भाग असतो. करीच्या एजंटला तो आठव्या क्रमांकावरच्या न्यूयॉर्क निक्सकडे जायला हवा होता. वॉरियर्सचे जनरल मॅनेजर लॅरी रायली यांनी ते मनावर घेतलं नाही. शिवाय खेळच बदलला. २००८-०९ मध्ये एनबीएतला एक संघ सामन्यात सरासरी १८ थ्री-पॉइंटर मारायचा; २०२३-२४ पर्यंत तो आकडा ३५ वर गेला. हा बदल घडवणाऱ्यांत करी स्वतःच पुढे होता, त्यामुळे २००९ मधल्या स्काउटने तो आधीच ओळखायला हवा होता, असं म्हणणं जरा जास्तच होईल.

आणि त्याचे घोटे. २०११ आणि २०१२ अशी दोन्ही वर्षं करीच्या उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. तो टिकेल की नाही, याची शंका त्याच्या स्वतःच्या संघालाही होती. म्हणूनच २०१२ च्या शरद ऋतूत वॉरियर्सने त्याच्याशी नवा करार केला, तो चार वर्षांचा आणि ४ कोटी ४० लाख डॉलरचा, त्याच्या दर्जाच्या खेळाडूला मिळते त्यापेक्षा बऱ्याच कमी रकमेचा. सर्वोत्तम खेळाडूचे दोन्ही पुरस्कार त्याने याच कराराच्या काळात मिळवले.