सदोष वस्तूमुळे इजा झाली? वकील करण्यापूर्वी एवढे करा

कुकर फुटतो, मोबाईलची बॅटरी पेट घेते, नव्या कूलरमध्ये करंट उतरतो. माणूस जायबंदी होतो आणि घरचे म्हणतात, "नशीब!" हे नशीब नव्हे. वस्तू सदोष असेल तर नुकसानभरपाई मागणे हा आपला हक्क आहे.

कायदा काय सांगतो?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८२ ते ८७ मध्ये 'उत्पादन दायित्व' आहे. सदोष वस्तूमुळे इजा, आजार किंवा मृत्यू झाल्यास उत्पादकावर आणि काही परिस्थितींत विक्रेत्यावरही भरपाईचा दावा करता येतो.

आधी पुरावा सांभाळा
फुटलेली वस्तू भंगारात देऊ नका, दुरुस्त करू नका, कंपनीच्या माणसाच्या हवाली करू नका. आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. बिल, वॉरंटी कार्ड, फोटो आणि दवाखान्याची कागदपत्रे जपा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

वकील लागतोच का?
सक्ती नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात स्वतः तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मात्र "तुम्हीच चुकीची वापरली" हा कंपनीचा नेहमीचा बचाव असतो. इजा गंभीर असेल तर तो खोडायला वकील हवाच.

मोफत वकील ही भीक नव्हे
विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि सर्व महिला मोफत वकिलास पात्र आहेत. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा दर्जा मिळाला. जातीचे प्रमाणपत्र घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते.

खासगी वकील करताना
• ग्राहक आयोगातली प्रकरणे चालवली आहेत का, ते विचारा.
• फी किती व केव्हा द्यायची ते लेखी घ्या. दिलेल्या पैशाची पावती मागा.
• "भरपाईतले इतके टक्के माझे" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. बार कौन्सिलच्या नियमांत याला मनाई आहे.
• कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ कागद देताना झेरॉक्स ठेवा.

१४ मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करावी लागते. म्हणून चौकशी आधीच करा.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: जखमीच्या घरी भेटायला जाल तेव्हा सांत्वनाबरोबर दोन गोष्टी सांगा. ती वस्तू जपून ठेवा आणि मोफत वकिलाचा अर्ज भरा. अर्ज भरायला सोबत जा.