टीसाइड वीजकेंद्र

टीसाइड वीजकेंद्र : इंग्लंडच्या ईशान्य भागात, टीस नदीच्या दक्षिणेस, मिडल्सब्रो शहराजवळच्या विल्टन रसायन संकुलाला लागून असलेले आणि नैसर्गिक वायूवर चालणारे वीज व वाफेच्या सहनिर्मितीचे पूर्वीचे केंद्र. क्षमता 1,875 मेगावॅट. एप्रिल 1993 मध्ये ते चालू झाले तेव्हा आपल्या प्रकारचे युरोपातील सर्वांत मोठे केंद्र होते आणि ब्रिटनची सुमारे तीन टक्के विजेची गरज एकट्याने भागवत असे. 2013 मध्ये ते कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला व पुढे ते पाडण्यात आले. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने ते उभारले. दाभोळ वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला या कंपनीचे नाव चांगलेच परिचयाचे आहे.

जागेची निवड वाफेच्या गिऱ्हाइकामुळे झाली. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आयसीआय) या ब्रिटिश कंपनीचे विल्टन येथील कारखाने दुसऱ्या महायुद्धानंतर उभे राहिले. रसायनांच्या कारखान्याला वीज लागते, त्याचबरोबर ऊर्ध्वपातन, तापवणे, सुकवणे अशा कामांसाठी अहोरात्र वाफही लागते. वीज तारेवरून शेकडो किलोमीटर नेता येते. वाफ मात्र थोड्याच अंतरात थंडावते, म्हणून तिचा गिऱ्हाईक शेजारीच असावा लागतो. आयसीआयच्या रूपाने असा शेजारी एन्रॉनला आयता मिळाला.

केंद्रात आठ वायू टरबाइने आणि दोन बाष्प टरबाइने होती. वायू जाळून टरबाइन फिरले की बाहेर पडणारे झोत पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असतात. ते धुराड्यातून सोडून न देता बॉयलरवरून नेले जात. तिथे तयार होणाऱ्या वाफेवर दुसऱ्या फेरीची वीज निघे आणि काही वाफ नळांवाटे विल्टनला जाई. कोळशावरच्या तेव्हाच्या केंद्रांत इंधनातील ऊर्जेच्या जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग विजेत उतरत असे, तर या जोडरचनेत जवळजवळ निम्मा. वाफ विकली की हिशेब आणखी सुधारतो. तरी टीसाइडला केवळ सहनिर्मिती केंद्र म्हणून ओळखणे फसवे ठरेल. विजेच्या मानाने वाफेचा वाटा लहान होता. वाफेने जागा मिळवून दिली, पण प्रकल्पासाठी पैसा उभा राहिला तो विजेच्या करारांवर.

ते करार समजण्यासाठी त्या काळचे ब्रिटन पाहावे लागते. 1989 च्या वीज कायद्याने सरकारी वीजमंडळाचे तुकडे झाले आणि डिसेंबर 1990 मध्ये बारा प्रादेशिक वितरण कंपन्या शेअर बाजारात आल्या. त्यांना वीज मुख्यतः दोन मोठ्या निर्मिती कंपन्यांकडून घ्यावी लागे, म्हणून पर्यायी पुरवठा हवाच होता. वायू इतका मोलाचा की वीज करण्यासाठी तो जाळू नये, असे युरोपीय समुदायाचे 1975 पासूनचे धोरण होते. ते 1991 मध्ये मागे घेण्यात आले. उत्तर समुद्रात वायू मुबलक होता. या सगळ्यातून वायूवरच्या केंद्रांची जी रीघ लागली तिचे टीसाइड हे ठळक प्रतीक. दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर 1992 मध्ये सरकारने 31 कोळसाखाणी बंद करण्याची घोषणा केली आणि सुमारे 30 हजार खाणकामगारांच्या नोकऱ्या पणाला लागल्या. त्या वादात वायूवरच्या केंद्रांकडे बोट दाखवले गेले, ते विनाकारण नव्हते.

केंद्राला 1990 मध्ये मंजुरी देणारे ऊर्जामंत्री जॉन वेकहॅम 1994 मध्ये एन्रॉनच्या संचालक मंडळावर आले आणि पुढे कंपनीच्या लेखापरीक्षण समितीवरही होते. एन्रॉन कोसळल्यावर या क्रमाची ब्रिटिश वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली.

सुरुवातीच्या मालकीत निम्मा हिस्सा एन्रॉनचा व निम्मा चार वितरण कंपन्यांचा होता : मिडलंड्स इलेक्ट्रिसिटी (19.2 टक्के), नॉर्दर्न इलेक्ट्रिक (15.4 टक्के), आणि साउथ वेल्स व साउथ वेस्टर्न (प्रत्येकी 7.7 टक्के). याच कंपन्यांनी पंधरा वर्षे वीज घेण्याचे करार केले. म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा काही अंशी एकच. घरगुती ग्राहकाला तेव्हा पुरवठादार बदलण्याची मुभा नव्हती, त्यामुळे करारातील दर महाग पडला तरी तो भरणारा ठरलेला होता. बँकांनी कर्जे दिली ती या भरवशावर. अमेरिकेबाहेर मोठे केंद्र उभारू शकतो, हे एन्रॉनने जगाला दाखवले ते इथे.

एन्रॉनच्या महाराष्ट्रातील दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार 20 जून 1992 रोजी झाला तेव्हा टीसाइडचे बांधकाम चालू होते, आणि डिसेंबर 1993 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने खरेदीकरारावर सही केली तेव्हा ते केंद्र वीज देऊ लागले होते. दोन्हींचा आराखडा एकाच मुशीतला : दीर्घ मुदतीचा खरेदीकरार, त्यावर कर्ज, आणि खरेदीदारालाच छोटा भागीदार करून घेणे (दाभोळमध्ये मंडळाने पुढे 15 टक्के हिस्सा घेतला). फरक मुळाशी होता. टीसाइडला समुद्रातून नळाने येणारा वायू होता, शेजारी वाफेचा गिऱ्हाईक होता आणि बिल भरू शकणारे चार खरेदीदार होते. दाभोळ प्रकल्पाच्या जागी, अंजनवेलला, वायू पोहोचलेला नव्हता. पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालला आणि वीज घेणारे एकटे मंडळ दराखाली दबले. टीसाइडचे यश पाहून दाभोळचे अनुमान काढणे म्हणूनच चुकीचे होते.

टीसाइडचा वायू एव्हरेस्ट व लोमंड या क्षेत्रांतून सुमारे 400 किलोमीटरच्या समुद्रतळाच्या वाहिनीने येई. ही वाहिनी ‘कॅट्स’ या नावाने ओळखली जाते. एन्रॉन मात्र तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या केंद्राच्या अपेक्षेने 1993 मध्ये तिने फिलिप्स, ब्रिटिश गॅस व आजिप यांच्या ‘जे-ब्लॉक’ क्षेत्राचा वायू ठरीव भावाने घेण्याचा करार केला. वायू घ्या अथवा न घ्या, पैसे भरा, अशी त्याची अट. दुसरे केंद्र झाले नाही आणि 1995 पर्यंत ब्रिटनमधील वायूचा भाव घसरला. एन्रॉनने पुरवठा सुरू करण्याच्या तारखेला संमती देणे टाळले. प्रकरण न्यायालयात गेले. तारीख ठरवताना पक्षाने स्वतःचे आर्थिक हित बाजूला ठेवावे असे बंधन करारातून निघत नाही, असे अपील न्यायालयाने 1996 मध्ये म्हटले. इंग्लिश करारकायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही येतो. मात्र करार गळ्यात होताच. 1997 मध्ये एन्रॉनने तडजोड केली आणि त्यापोटी हिशेबात 67.5 कोटी डॉलरचा करपूर्व बोजा दाखवला. केंद्राने कमावून दिलेला लौकिक इंधनाच्या सौद्यात असा महागात पडला.

1998 च्या अखेरीस एन्रॉनने आयसीआयकडून विल्टनमधील वाफ, वीज व पाणी पुरवण्याचा अंतर्गत व्यवसायही विकत घेतला. ऑगस्ट 2001 मध्ये केंद्रात झालेल्या स्फोटात तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच महिन्यांत, 2 डिसेंबर 2001 रोजी, एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

केंद्र त्या दिवशी थांबले नाही. ते टीसाइड पॉवर लिमिटेड या वेगळ्या कंपनीच्या नावावर होते आणि तिचे करार तिच्याकडेच राहिले. चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी 2002 मध्ये आपला विभाग विकत घेऊन ‘पीएक्स’ ही कंपनी काढली. विल्टनचा पुरवठा व्यवसाय 2003 मध्ये सिंगापूरच्या सेम्बकॉर्पकडे गेला. एकाच छपराखाली आलेले वाफेचे आणि विजेचे धंदे अशा रीतीने पुन्हा वेगळे झाले. वीजकेंद्राची मालकी दरम्यान गोल्डमन सॅक्स व कारगिल या वित्त आणि व्यापार क्षेत्रांतील कंपन्यांकडे आली होती; त्यांच्याकडून ती 2008 मध्ये गाझ द फ्रान्स या फ्रेंच कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ती कंपनी व सुएझ यांचे विलीनीकरण होऊन ‘जीडीएफ सुएझ’ झाली. मूळ पंधरा वर्षांचे करारही याच सुमारास संपत होते, आणि नवा मालक आला तो खुल्या बाजाराच्या भावावर चालणाऱ्या केंद्राचा.

वायू महागला होता, यंत्रे जुनी झाली होती आणि नवी केंद्रे तेवढ्याच वायूत अधिक वीज काढत होती. 2011 मध्ये मुख्य संच थांबवून केवळ 45 मेगावॅटची छोटी क्षमता राखण्यात आली. दोन वर्षांनी तीही आटोपली. पाडलेल्या केंद्राची जागा नंतर सेम्बकॉर्पकडे आली आणि तिथे 1,700 मेगावॅटपर्यंतचे नवे वायूकेंद्र उभारण्यास ब्रिटिश सरकारने एप्रिल 2019 मध्ये परवानगी दिली.